बीए झालंय, नोकरी चालू आहे आणि वर्दीही घालायची आहे? टेरिटोरियल आर्मीत ऑफिसर व्हायचा रस्ता, पहिल्यापासून

दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, "दादा माझं बीए आहे, तेही मराठी घेऊन, टीएत चालेल का?" आणि दर वेळी मी उलट विचारतो, "ते राहू दे, तू कमावतोस काय?" की समोरचा गप्प. टेरिटोरियल आर्मीत ऑफिसर व्हायला कुठल्याही शाखेची डिग्री चालते, इतिहास असो, राज्यशास्त्र असो, पाली असो, विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं की झालं, मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाचं बीएसुद्धा. गाडी अडते ती दुसऱ्याच ठिकाणी, आणि बहुतेक पोरं ते ठिकाण सोडून बाकी सगळ्याची तयारी करत बसतात.

माझं आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी पकडायला नको. मी ऑफिसर नाहीये. बीए इतिहास, कराडकडचा, एका पतसंस्थेत काम करतो. टीएची परीक्षा दोनदा दिली, दोन्हीदा लेखी निघाली, पहिल्या वेळी एसएसबीत, म्हणजे ऑफिसर निवडायच्या लष्कराच्या चाचणीत, पहिल्याच दिवशी स्क्रीन्ड आउट (पहिल्या चाळणीतच बाहेर), दुसऱ्या वेळी पाचही दिवस राहून कॉन्फरन्स आउट (शेवटच्या दिवशी बाहेर). पण माझा मामेभाऊ झालाय ऑफिसर, तोही बीएवालाच. त्यामुळे कुठं कुठं ठेच लागते ते बऱ्यापैकी माहितीये.

आधी हे डोक्यात बसवा, टीए ही नोकरी नाही

आमच्या साताऱ्याकडं मिलिटरी म्हटलं की भरती, पगार, पेन्शन असंच गणित असतं, अपशिंगे मिलिटरी नावाचं अख्खं गाव आहे इकडं, त्यामुळे घरी टीए समजावून सांगायलाच मला एक दिवाळी लागली. टीए म्हणजे राखीव फौज. कायदा १९४८ चा, आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिचं उद्घाटन केलं, म्हणून ९ ऑक्टोबरला टीए डे असतो. कल्पना अशी की माणूस आपला कामधंदा करत राहणार, वर्षातून ठराविक दिवस ट्रेनिंगला जाणार आणि देशाला गरज पडली की बोलावणं येणार. ६२, ६५, ७१ तिन्ही लढायांत टीएच्या युनिट्स होत्या. आपल्याकडं पुण्यात १०१ आणि कोल्हापुरात १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए बटालियन आहेत, आणि संभाजीनगरला १३६ ही इको बटालियन, मराठवाड्यात झाडं लावणारी.

पगार मिळतो, पण तुम्ही वर्दीत असाल तेवढ्याच दिवसांचा. लेफ्टनंटला रेग्युलर ऑफिसरइतकाच, म्हणजे लेव्हल १०, बेसिक ५६,१०० पासून आणि वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००. घरी आलात की बंद. पेन्शनला ऑफिसरची वीस वर्षं प्रत्यक्ष वर्दीतली सेवा लागते, वर्षातून दोन महिने जाऊन ती कधी भरायची ते तुम्हीच मोजा. नोटिफिकेशनमध्येच स्पष्ट छापलेलं असतं की टीए हा व्यवसाय किंवा रोजगाराचं साधन नाही. तरी लोक वाचत नाहीत.

म्हणून वय २२-२३ असेल आणि पूर्ण वेळ आर्मीच हवी असेल तर आधी सीडीएस द्या, म्हणजे यूपीएससीची लष्करी अधिकारी व्हायची परीक्षा, तिथंही आयएमए आणि ओटीए या आर्मीच्या ॲकॅडमींना बीए चालतं, फक्त नेव्ही आणि एअरफोर्सच्या ॲकॅडमीला चालत नाही कारण तिथं इंजिनिअरिंग किंवा बारावीला फिजिक्स-मॅथ्स मागतात. टीएचं दार १८ ते ४२ वयापर्यंत उघडं आहे, त्यामुळे ज्यांचं सीडीएसचं वय गेलंय आणि नोकरीत रुळलेत त्यांच्यासाठी हा रस्ता खरा. मुलींनाही आहे, दिल्ली हायकोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतर त्यात शंका राहिली नाही.

धोनीचं उदाहरण कृपया देऊ नका. त्याला २०११ ला मिळाली ती मानद रँक. सचिन पायलट यांचं द्या, २०१२ ला केंद्रात मंत्री असताना ते निवड प्रक्रियेतून जाऊन लेफ्टनंट झाले, आणि गंमत म्हणजे त्यांची पहिली डिग्री बीएच, इंग्लिश लिटरेचर.

पायरी पहिली, कमाई कागदावर आणा

अट अशी आहे की उमेदवार 'गेनफुली एम्प्लॉइड' पाहिजे, म्हणजे स्वतःच्या कमाईवर उभा. बेरोजगार चालत नाही, नुसता विद्यार्थी चालत नाही, आणि आधीच आर्मी, नेव्ही, एअरफोर्स, पोलीस किंवा पॅरामिलिटरीत असलेला पण चालत नाही.

माझा पहिला घोळ इथंच झाला. तेव्हा मी एका खासगी क्लासमध्ये इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचो. पगार महिन्याच्या दहा तारखेनंतर कधीतरी, रोख, पाकिटात, आणि सही एका दोनशेपानी वहीत. सर्टिफिकेट मागायला गेलो तर सर म्हणाले, "देतो की, पण आकडा टाकायला नको." आकड्याशिवाय त्या कागदाचा उपयोग काय? शेवटी मी स्वतःला स्वयंरोजगारवाला दाखवलं, घरी ट्यूशन घेत होतोच म्हणून ते खोटंही नव्हतं, आणि कोर्टाबाहेरच्या नोटरीकडं जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. स्टॅम्प पेपरवर फोटो चिकटवून, धंदा काय आणि वर्षाचं उत्पन्न किती ते लिहून, सोबत पॅनची झेरॉक्स. नोटरीचा कारकून दोनदा विचारत होता, "मिलिटरीत जाताय आणि ट्यूशन घेता असं लिहू?" म्हटलं हो बाबा, असंच लिही.

तर आजपासून एक करा, फॉर्म पुढच्या वर्षी भरणार असाल तरी. पगार बँकेत घ्या, स्लिप मागून घ्या, उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरून ठेवा. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर खात्याच्या प्रमुखाचं सर्टिफिकेट आणि एनओसी लागते, तो अर्ज महिनाभर टेबलाटेबलावर फिरतो हे धरूनच चला.

पायरी दुसरी, घरी आणि साहेबाशी हिशोब बोला

हे फॉर्मच्या आधी का सांगतोय? कारण निवड झाल्यावर बोललात तर भांडण होतं. पहिल्या वर्षी एक महिना बेसिक ट्रेनिंग. दर वर्षी दोन महिने ॲन्युअल कॅम्प, पहिलं वर्ष धरून. आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी तीन महिन्यांचं पोस्ट कमिशन ट्रेनिंग, म्हणजे ऑफिसर झाल्यानंतरचं. बेरीज करा, एक, दोन, दोन आणि तीन, पहिल्या दोन वर्षांत आठ महिने तुम्ही ऑफिसला नाही. साहेबाला "वर्षातून दोन महिने" एवढंच सांगून ठेवलं की फसलात.

वर बोलावणं आलं तर ते वेगळंच. मे २०२५ मध्ये केंद्राने लष्करप्रमुखांना टीएचे लोक बोलवायचे अधिकार देणारी अधिसूचना काढली, ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ सेवेत घ्यायची तरतूद त्यात होती. मामेभावाच्या घरी तेव्हा रोज फोन, मामी तर त्याची बॅग भरून दारात ठेवून मोकळी. कायद्यात असं आहे की लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत कामावर घ्यायची जबाबदारी मालकावर असते, ते कलम वाचून ठेवा, जमलं तर प्रिंटही. पण कायदा दाखवायची वेळ न येता काम झालेलं बरं, म्हणून आधी बोला. दुकान किंवा शेती असेल तर मागे कोण बघणार त्याचं नाव आधीच ठरवा, पुढं मुलाखतीत हे विचारतातच.

पायरी तिसरी, फॉर्म

फॉर्म टीएच्या अधिकृत वेबसाइटवर ऑनलाइन, २०२५ ला मेच्या मध्यापासून १० जूनपर्यंत होता, फी ५०० रुपये. पण दर वर्षी त्याच महिन्यात येईल असं नाही, २०२३ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरला आला होता, म्हणून वेबसाइटवर नजर ठेवा. माजी लष्करी अधिकाऱ्यांसाठी वेगळी जाहिरात निघते, आपली सिव्हिलियन उमेदवारांची, ते बघून भरा.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या पोरांची खास अडचण. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर आणि डिग्री सर्टिफिकेटवर स्पेलिंगच वेगळं. एवढ्याशा गोष्टीवर माणसं कागद तपासणीत लटकतात. फॉर्ममध्ये नाव आणि जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे घाला आणि बाकी कागद त्याच्याशी जुळवून घ्या, लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी गॅझेटची प्रत जवळ ठेवा. आणि डिग्री सर्टिफिकेट विद्यापीठातून काढा हो, अर्ध्या लोकांनी बीए होऊन पाच वर्षं झाली तरी काढलेलं नसतं, नुसतं तिसऱ्या वर्षाचं मार्कशीट घेऊन फिरतात.

जागा किती? २०२५ ला १९ होत्या, १८ पुरुष आणि १ महिला. हा आकडा बघून घाबरायचं का नाही ते तुमच्यावर, मी घाबरलो होतो.

पायरी चौथी, लेखी परीक्षा

ऑब्जेक्टिव्ह असते, चार भाग, रीझनिंग, प्राथमिक गणित, जनरल नॉलेज आणि इंग्लिश. खरी मेख अशी की प्रत्येक भागात वेगळे ४० टक्के पाहिजेत आणि सगळं मिळून ५०. म्हणजे जीकेत पैकीच्या पैकी घेऊन गणितात आपटलात तर खेळ खलास, आणि आपण बीएवाले आपटतो ते तिथंच.

गणित दहावीच्या लेव्हलचं. क्लास लावायच्या आधी बालभारतीची नववी-दहावीची गणित भाग १ आणि भाग २ अशी पुस्तकं आणा, रद्दीच्या दुकानातसुद्धा मिळतात. लसावि-मसावि, शेकडेवारी, काळ-काम-वेग, वर्गसमीकरणं, त्रिकोणमितीतली उंची आणि अंतरं, क्षेत्रफळ-घनफळ, थोडं सांख्यिकी. मी रोज रात्री जेवणानंतर पंधरा गणितं, भाचीच्या वहीत, तीन महिने. भाची दहावीला होती, तिच्यापेक्षा माझी जास्त चुकायची आणि ती ते सगळ्या घराला सांगायची. फक्त एक करा, मराठीतून शिकला असाल तर इंग्लिश शब्द पाठ करा. 'उन्नत कोन' येतो पण 'अँगल ऑफ एलिव्हेशन' बघितलं की दोन मिनिटं जातात, असं व्हायला नको.

इतिहास, राज्यघटना, भूगोल याला आपल्याला फार वेळ लागत नाही, एमपीएससीची तयारी केलेली असेल तर आणखीच नाही. संरक्षणाच्या बातम्या वेगळ्या बघा. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, म्हणून ठोकताळे मारत बसू नका.

पायरी पाचवी, एसएसबी, आणि इथं जरा थांबतो

लेखी निघाली की पुढची निवड एसएसबीत. मधे टीए ग्रुप हेडक्वार्टरची प्राथमिक मुलाखत काही वर्षी ठेवलेली असते, आपलं हेडक्वार्टर पुण्याला, त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमध्ये असेल तर तीही तयारी करा. एसएसबी पाच दिवसांची, मला दोन्ही वेळा भोपाळ आलं होतं.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. सकाळी ओआयआर, म्हणजे बुद्धिमत्तेचे प्रश्न, आणि मग पीपीडीटी. पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात प्रत्येकाने मिनिटभरात ती सांगायची आणि नंतर सगळ्यांनी मिळून चर्चा करून एक गोष्ट ठरवायची. पहिल्या वेळी मला चित्रात एक बाई आणि दोन माणसं दिसली. मी काय लिहिलं असेल? दुष्काळ, कोरडी विहीर, आईच्या डोळ्यातलं पाणी, एकदम दिवाळी अंकाला पाठवावी अशी. चार मिनिटं संपली तेव्हा माझा नायक अजून विहिरीकडं बघतच बसलेला. शेजारी जळगावचा एक डिप्लोमावाला होता, त्याने लिहिलेलं, सरपंचाने गाव गोळा केलं, टँकरची सोय लावली, शेततळ्याचा प्रस्ताव दिला, पावसाळ्याआधी काम पूर्ण. भाषा अगदी रुक्ष. दुपारी चेस्ट नंबर पुकारले, त्याचा नंबर आला, मी संध्याकाळी बसने स्टेशनवर.

आपल्या डिग्रीचा तोटा म्हणायचा तर तो हाच, आपल्याला वर्णन करायची सवय असते आणि तिथं त्यांना बघायचं असतं की माणूस काय करतो. गोष्टीत कोणीतरी प्रश्न ओळखला, माणसं जमवली, काम तडीस नेलं, एवढं आलं पाहिजे. रडारड आणि उपमा घरी ठेवा.

दुसऱ्या दिवशी सायको, म्हणजे लेखी मानसशास्त्रीय चाचण्या. टीएटीत अकरा चित्रं आणि बारावी कोरी स्लाइड, प्रत्येकीवर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. कोऱ्या स्लाइडसाठी स्वतःच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट आधीच मनात ठेवा. डब्ल्यूएटीत साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, शब्द दिसला की वाक्य. 'फिअर' आला की मी पहिल्यांदा घरी सराव करताना लिहायचो "भीती ही मानवी मनाची आदिम भावना आहे", म्हणजे परीक्षेतली टीप लिहा असा प्रकार. मामेभाऊ म्हणाला, "अरे तुला व्याख्या कोण विचारतंय? सरावाने भीती जाते, लिही आणि पुढं जा." मग एसआरटी, साठ प्रसंग तीस मिनिटांत, प्रत्येकात तुम्ही काय कराल ते लिहायचं, आणि शेवटी स्वतःबद्दल पंधरा मिनिटांत लिहायचं, आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात ते. इंग्लिश किंवा हिंदीत लिहिता येतं, मराठीत नाही. म्हणून महिनाभर तरी रोज घड्याळ लावून लिहा, आपले मराठी माध्यमवाले विचारात कमी पडत नाहीत, वेळेत इंग्लिश वाक्य जुळवताना पडतात.

मग दोन दिवस जीटीओ, म्हणजे गटात करायच्या कामांच्या चाचण्या, मैदानावर. ग्रुप डिस्कशन, नकाशावर प्लॅनिंग, फळ्या-दोऱ्या-ड्रम घेऊन अडथळे पार करणं, स्नेक रेस, कमांड टास्क. फळी कुठं टाकायची हे आर्ट्सवाल्याला सुचत नाही असं काही नसतं, दुसऱ्याला सुचलेलं नीट ऐकून फळीचं दुसरं टोक धरलंत तरी ते दिसतं. आणि लेक्चरेट, कार्डावरच्या विषयांतला एक निवडायचा, तीन मिनिटं तयारी, तीन मिनिटं भाषण, हे आपलं राज्य. वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्यांनी फक्त आवाज चढवू नका.

वैयक्तिक मुलाखतीत एका दमात प्रश्न येतात, दहावीचे मार्क, बारावीचे, कमी का झाले, आवडते शिक्षक, नावडते का, मित्र कोण, पगार किती, त्यातला घरी किती देता, सगळं एकत्र, आणि तुम्ही क्रमाने उत्तरं द्यायची. "बीएच का?" हे विचारलं जातं. "सायन्सला मार्क कमी पडले" हे खरं असेल तर तेच सांगा, उगाच लहानपणापासून इतिहासाची आवड वगैरे रंगवाल तर पुढचा प्रश्न थेट पुस्तकावर येतो. मला तर त्यांनी विचारलं, "दोन महिने सुट्टी मागायला मॅनेजरकडं कसे जाणार?" मी म्हटलं, "सर, बोलेन." ते म्हणाले, "अजून बोलला नाहीत?" आणि पेन खाली ठेवलं. दुसरी पायरी इतकी घोळून घोळून का सांगितली ते कळलं असेल.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स, सगळे अधिकारी समोर, पाच मिनिटांचं काम, मग रांगेत उभं करून नंबर पुकारतात. माझ्या बॅचमधून एकच नंबर पुकारला.

मेडिकल आणि त्यानंतर

मेडिकलला जायच्या आधी डोळे, दात आणि कान गावातल्या डॉक्टरकडून तपासून घ्या, कानातला मळ काढून घ्या, यावरूनही लोक टेम्पररी अनफिट होतात. सपाट तळवे, गुडघे चिकटणं, व्हेरिकोज व्हेन्स, मूळव्याध, रंगांधळेपणा हे आधीच माहिती असलेलं बरं. टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत किंवा तळहाताच्या मागे चालतो, दंडावर महाराज गोंदलेत तर आधी नीट चौकशी करा.

मेडिकल झालं, मेरिटमध्ये आलात, की पोलीस व्हेरिफिकेशन. भाड्याच्या खोलीवर राहत असाल तर दोन्हीकडच्या ठाण्यात चौकशी जाते, घरमालकाला सांगून ठेवा, मामेभावाच्या घरमालकाने पोलीस बघून थेट "असा कोणी राहत नाही" असं सांगितलं होतं आणि त्यात तीन आठवडे गेले. मग युनिट मिळतं आणि बेसिकचं बोलावणं येतं. त्या पत्रातल्या तारखा हातात पडल्या त्याच दिवशी ऑफिसला लेखी कळवा, प्रत मेलवर आणि एक आवक-जावकच्या शिक्क्यासह स्वतःकडं.

आणि ऑफिसर नाही जमलं तर टीएत जवान म्हणूनही जाता येतं, दहावीवर, वय तेच ४२ पर्यंत, कोल्हापूर-बेळगावकडं रॅली निघतात. तिथं १.६ किलोमीटर पळायचं असतं आणि पहाटे चारला लाईन लागते, रात्रीच पोचा आणि सोबत चादर घेऊन जा.